जर्मनीत गाडीचं सस्पेन्शन बदलताना: निवड, खर्च आणि ट्यूफचा कागद

२०२३ च्या एप्रिलमध्ये माझ्या बीएमडब्ल्यू एम-टूचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग्ज आणि शॉक्स, बदलून झालं, ट्यूफच्या (गाड्या तपासणाऱ्या अधिकृत संस्थेच्या) परीक्षकाने ते तपासलं आणि गाडीच्या कागदावर त्याची रीतसर नोंद झाली. मनात विचार आल्यापासून कागद हातात पडेपर्यंत सात-आठ महिने गेले. त्यात पाना-स्क्रूड्रायव्हरचं काम थोडं. वाचणं, मोजणं, विचारणं आणि वाट बघणंच जास्त. श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. रोज रस्त्यावर चालेल आणि अधूनमधून ट्रॅकवरही नेता येईल अशी दमदार गाडी आता त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे. सस्पेन्शनचा विषय निघाला की गाडं दोन ठिकाणी अडतं: घ्यायचं कुठलं, आणि ट्यूफचं काय? म्हणून जे घडलं ते त्याच क्रमाने लिहितो आहे. किमती माझ्या वेळच्या आहेत, त्या अंदाजापुरत्याच धरा.

गाडी २०१७ ची, मी वापरलेली घेतली २०२२ च्या वसंतात. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं टर्बो इंजिन, ३७० पीएस (अश्वशक्ती), ४६५ न्यूटन मीटर, हाताचा गिअर. एम-थ्री आणि एम-फोरचे अॅल्युमिनियमचे अॅक्सल या छोट्या गाडीखाली आहेत, त्यामुळे पाया भक्कम. पण शॉक्स मात्र साधे, जसे आले तसेच. आतून बटण दाबून कडक-मऊ करण्याची सोय या गाडीत नाही. नंबरप्लेट हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे आकडे असतात, आणि या महिन्यांबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, उभीही करता येत नाही. हे आताच सांगतो, कारण पुढचं सगळं वेळापत्रक याच दोन आकड्यांवर ठरलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये हॉकेनहाइमला ट्रॅक डे केला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. ४.५७४ किलोमीटरचा ग्रांप्री ट्रॅक, माझ्या घरापासून दीड तासाच्या आत. दुपारपर्यंत पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड अशी खरवडून निघाली की रबराच्या बारीक वळ्या बोटांनी सोलून काढता येत होत्या. त्याच टायरची आतली कड मात्र जवळजवळ कोरी. मी सुईचा तापमापक सोबत नेला होता. तो टायरच्या रबरात दोन-तीन मिलिमीटर खोचायचा आणि बाहेरचं, मधलं, आतलं अशी तीन तापमानं लिहून घ्यायची. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा पंधरा ते वीस अंशांनी जास्त तापलेली निघाली, प्रत्येक वेळी. याचा अर्थ वळणात गाडी कलली की पुढचं चाकही बाहेरच्या बाजूला कलतं आणि टायर एका कडेवर चालतो. वरून चाकाला आत झुकवणारा कोन, म्हणजे केंबर, अपुरा होता. अलाइनमेंटच्या जुन्या कागदावर पुढे सव्वा अंशाच्या आसपास ऋण केंबर होता, आणि तो वाढवायला मूळ मांडणीत फारशी जागा नाही.

हा तापमापक तीस-चाळीस युरोंना मिळतो. इन्फ्रारेडवाला घेऊ नका. टायरचा पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंतच थंड होतो आणि आकडे फसवतात. सस्पेन्शनवर काही हजार युरो घालवण्याआधी या तीस युरोंनी मला सर्वांत जास्त शिकवलं.

ऑक्टोबरमध्ये हंगाम संपण्याआधी न्यूरबुर्गरिंगला गेलो. तिथला नॉर्डश्लाइफ ट्रॅक म्हणजे २०.८३२ किलोमीटरचा डोंगरातला रस्ताच. पर्यटक फेऱ्यांच्या वेळी, म्हणजे पैसे भरून कुणीही आपली गाडी नेऊ शकतो तेव्हा, तिथे नेहमीचे रस्त्याचे नियम लागू असतात, आणि कठड्याला धडकलात तर कठड्याचं बिलही तुम्हालाच येतं. जाण्याआधी मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय आवळून बसवला. चाक जितकं वर जाईल तितका तो टाय ढकलला जातो आणि तिथेच राहतो, त्यामुळे सस्पेन्शनचा किती प्रवास वापरला गेला ते नंतर निवांत वाचता येतं. तिथल्या फुक्सरोरे भागात रस्ता उतारावरून खाली झेपावतो आणि तळाशी एकदम वर वळतो. तिथे गाडी दबते ती पूर्ण दबते. घरी येऊन बघितलं तर टाय थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे प्रवासाच्या टोकाला असलेल्या, रबरापर्यंत जाऊन चेपलेला. त्याच तळाशी सुकाणू क्षणभर हलकं होतं आणि पाठ उसळते, असं मला चालवताना जाणवत होतं. त्याचं कारण आता डोळ्यांसमोर होतं.

या दोन मोजमापांनी गरज ठरवून दिली. पुढे केंबर हवा, आणि मोठ्या दाबाला सावरून धरेल पण छोट्या खडबडीला चाक सोडणार नाही असं डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा विरोध, हवं. गाडी खाली बसलेली दिसावी किंवा हाताला कडक लागावी, ही माझी गरज नव्हतीच. हे आधी ठरलं म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरातला शोध सरळ झाला.

सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे नुसत्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज, आयबाख किंवा एच अँड आरच्या. तीनशे युरोंच्या आसपास. पण त्यांनी गाडी खाली येते आणि शॉकचा उरलेला प्रवास आणखी घटतो. माझी गाडी आधीच रबरावर आपटत होती, तेव्हा हा पर्याय पहिल्याच दिवशी खोडला. मग पूर्ण किट, शॉक्स आणि स्प्रिंग्ज दोन्ही. बिलस्टाइन बी-१६: मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक्स, एका नॉबवर दहा टप्पे, आणि त्या एकाच नॉबने दाबताना होणारा विरोध (कम्प्रेशन) आणि परत उघडताना होणारा विरोध (रीबाउंड) असे दोन्ही सोबतच बदलतात. स्वीडनच्या ओलिन्सचं रोड अँड ट्रॅक: हेही एका नॉबवर, पण त्यातला दुहेरी प्रवाहाचा व्हॉल्व्ह छोट्या धक्क्यांना फार छान गिळतो, अशी वापरणाऱ्यांची एकमुखी साक्ष. के-डब्ल्यू व्हेरिएंट थ्री: इथे कम्प्रेशन आणि रीबाउंड वेगवेगळे लावता येतात. आणि के-डब्ल्यू क्लबस्पोर्ट: तसेच दोन वेगळे नॉब, जास्त कडक स्प्रिंग्ज, आणि वर रबराऐवजी गोल बेअरिंगचे माउंट, ज्यांच्यातून केंबर सरकवता येतो. मला मिळालेल्या किमती बावीसशेपासून सदतीसशे युरोंपर्यंत होत्या.

स्प्रिंगच्या कडकपणाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून त्याचं गणित इथे मांडतो. जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा ते उपयोगी आहे. स्प्रिंगचा आकडा आणि चाकाला जाणवणारा कडकपणा एकच नसतात. या गाडीत मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी, चाकाच्या बरीच आत, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर बसते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग समजा ६ मिलिमीटर दबली, तर ते प्रमाण ०.६, त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाला ३६ इतकीच वाटते. मागच्या स्प्रिंगचा मोठा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पुढे हे प्रमाण एकाच्या जवळ असतं, म्हणून तिथला आकडा जवळपास खरा धरायचा.

मग त्यातून गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल ते काढायचं. पुढच्या एका चाकावर चालकासह साधारण चारशे किलो येतात. चाक, ब्रेक, हब वजा करून ३६० धरू. चाकापाशी ४५ न्यूटन प्रति मिलिमीटर असतील तर सेकंदाला सुमारे १.८ हेलकावे, ६३ असतील तर २.१. आरामाच्या गाड्या एक ते सव्वाच्या आसपास असतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करायचं तर दोनच्या आगेमागे राहावं, आणि अडीचच्या वर गेलं की रोजचा रस्ता नकोसा होतो, असं माझं मत. यात गंमत अशी की स्प्रिंग चाळीस टक्क्यांनी कडक केली तरी हेलकावे अठरा टक्क्यांनीच वाढतात, कारण मध्ये वर्गमूळ आहे. त्यामुळे पाठीला जे धक्के बसतात त्यांचं खापर मी स्प्रिंगपेक्षा चुकीच्या डॅम्पिंगवर जास्त फोडतो.

पण शेवटचा निकाल गणिताने दिला नाही, कागदाने दिला. जर्मनीत सस्पेन्शनला हात लावला की गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपुष्टात येऊ शकते, जोवर बदल मान्य होत नाही. कागदाचे माझ्या वेळचे, म्हणजे २०२३ चे, तीन प्रकार समजून घ्या. एबीई (भागाला आधीच मिळालेली सर्वसाधारण मान्यता) असेल तर बहुतेक वेळा कागद गाडीत ठेवला की भागतं. टाइलेगुटआख्टन (त्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर भाग बसवल्यावर ट्यूफ, डेक्रा, जीटीयू, केयूएस यांपैकी कुणाकडेही जर्मन वाहन नियमांच्या कलम १९ उपकलम ३ प्रमाणे तपासणी करून घ्यायची. परीक्षक त्या अहवालातल्या अटी ताडून बघतो. यातलं काहीच नसेल तर कलम २१ ची स्वतंत्र तपासणी, म्हणजे जास्त पैसे, जास्त वेळ, आणि हो-नाही परीक्षकाच्या हातात.

मला केंबर हवा होता. व्हेरिएंट थ्री घेऊन वर दुसऱ्या कंपनीचे केंबर माउंट लावणं शक्य होतं, आणि दोन्हींना स्वतंत्र कागद होते. जानेवारीत एका तपासणी केंद्रावर दोन्ही अहवालांच्या प्रती घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी पानं शांतपणे उलटली आणि म्हणाले, "हा अहवाल त्या माउंटबद्दल काही सांगत नाही, तो या शॉकबद्दल काही सांगत नाही. दोन्ही एकमेकांवर परिणाम करतात. तुम्हाला कलम २१ कडे जावं लागेल." क्लबस्पोर्टमध्ये माउंट किटचाच भाग, आणि अहवाल एकच. तिथेच निवड झाली. विकत घेण्याआधी अहवालाची पीडीएफ उतरवून परीक्षकाला दाखवता येते. हे कराच. आपल्या गाडीचा मॉडेल कोड, पुढच्या-मागच्या अॅक्सलवरचं कमाल वजन आणि चाकांचा आकार त्या अहवालात आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या. मी चाकं मूळचीच ठेवली, पुढे २४५/३५ आणि मागे २६५/३५, दोन्ही १९ इंची. रुंद चाकं घेतली असती तर चाकं आणि सस्पेन्शन यांचा एकत्र विचार पुन्हा नव्याने सुरू झाला असता.

मागणी नोंदवण्याआधी दोन गाड्यांत बसून आलो. ऑफिसातल्या कोल्हापूरच्या मित्राकडे व्हेरिएंट थ्री आहे, आणि त्याच्या ओळखीच्या एकाकडे क्लबस्पोर्ट. मित्र सरळ म्हणाला, "अरे, वहिनींना बसव मागं, मगच पैसे भर." बायको आली, मागच्या सीटवर बसून लुडविग्सबुर्गच्या दगडी फरसबंदीच्या गल्लीतून फिरली, आणि उतरताना म्हणाली की आवाज जास्त आहे पण धक्का असह्य नाही. तिचं निरीक्षण अचूक होतं. गोल बेअरिंगमधून रस्त्याचा आवाज बॉडीत येतो, रबर तो अडवत होतं.

जानेवारीअखेर मागणी दिली, सुमारे छत्तीसशे युरो. सहा आठवडे सांगितले, आठ लागले. के-डब्ल्यू कंपनीचं गाव फिख्टेनबेर्ग माझ्यापासून तासाभरावर आहे, पण त्याने रांगेत नंबर पुढे सरकत नाही. २२ मार्चला गुढीपाडवा होता, आणि त्याच आठवड्यात दोन जड खोकी दारात आली. प्लेट एप्रिलपासून चालू, म्हणून वर्कशॉपची वेळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली घेऊन ठेवली होती. ही वेळ फेब्रुवारीतच ठरवा. वसंतात सगळ्या जर्मनीला टायर बदलायचे असतात, त्यातच ईस्टरची सुट्टी येते.

बसवणी, साडेसहाशे युरो. मी दिवसभर तिथे थांबलो, त्यांनी थांबू दिलं. जुना पुढचा स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगची जोडणी) आणि नवा स्ट्रट बाकावर शेजारी ठेवले तेव्हा नव्याच्या वरच्या प्लेटवरचे खाचेतले बोल्ट आणि अंशांच्या खुणा बघून सगळी थंडी सार्थकी लागल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून विचारा: आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले का? लिफ्टवर लोंबत्या चाकांनी आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पीळ खाऊन राहतं, उंचीही चुकते आणि बुश लवकर फाटतं. आमच्या मेकॅनिकने न सांगता ते केलं.

उंचीबद्दल. अहवालात किमान मर्यादा असते, आणि नव्या स्प्रिंग्ज पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. म्हणून तळाच्या मर्यादेवर गाडी लावू नका. मी जवळपास दहा मिलिमीटर राखून ठेवले. गाडी मूळपेक्षा वीस-बावीस मिलिमीटर खाली आहे. फार खाली नेलं तर पुढच्या आर्मचे कोन बिघडतात, कलण्याचा केंद्रबिंदू खाली घसरतो आणि गाडी उलट जास्त कलू पाहते. प्रवास घटतो तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट आणि चारही चाकांवरचं वजन, दोनशे ऐंशी युरो. माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या चालकाच्या सीटवर, टाकी अर्धी. पुढे केंबर उणे अडीच अंश, मागे उणे एक पूर्णांक नऊ, पुढे टो (वरून पाहताना चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) शून्य, मागे किंचित आत. कर्णातल्या दोन चाकांचं वजन पन्नास टक्क्यांच्या जवळ आणलं. रस्त्यावर टायरची आतली कड केंबरने झिजते असं लोक म्हणतात. त्यात टोचा वाटा फार मोठा आहे. टो शून्यावर ठेवला की केंबर पुष्कळ सहन होतो. हेडलाइटची उंची ओळखणारा सेन्सर अॅक्सलला जोडलेला असतो, तोही याच वेळी पुन्हा लावून घ्या. नाहीतर दिवे चुकीच्या उंचीवर पडतात आणि परीक्षक ते बघतोच.

तपासणी त्यानंतर लगेच. तपासणीसाठी थेट जाण्याची मुभा असते, वाटेत फिरून येण्याची नसते. सोबत अहवालाची पूर्ण प्रत, अलाइनमेंटचा कागद, गाडीचा नोंदणी कागद. मनात धाकधूक होतीच. परीक्षक पन्नाशीचे, हातात टॉर्च आणि मोजपट्टी. आधी शॉकवर कोरलेले क्रमांक अहवालाशी जुळवले; यासाठी चाकाच्या आत डोकं घालावं लागतं, म्हणून क्रमांकांवरचं ग्रीस आधीच पुसून ठेवलेलं बरं. मग स्प्रिंगच्या खालच्या कडीपासून आटे संपतात तिथपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजलं आणि लिहिलं. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. नंतर एक पुढचं आणि समोरच्या कर्णातलं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवायला लावलं, म्हणजे त्या कर्णातली दोन चाकं पूर्ण दबतात आणि दुसरी दोन लोंबतात. त्या अवस्थेत सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का ते त्यांनी आडवं पडून पाहिलं. बोटभर फट होती. दिवे तपासले. शेवटी स्वतः चालवून आले.

परत आल्यावर विचारलं, "केंबर इतका का?" मी टायरच्या तापमानाची वही उघडून दाखवली. त्यांनी ती बरीच वेळ पाहिली, म्हणाले, "असं मोजून येणारे कमी असतात," आणि टायपायला बसले. नव्वद युरोंच्या आत काम झालं. त्यांच्या प्रमाणपत्रावर वाक्य असतं की नोंद लगेच करायची आहे की नोंदणी कार्यालयात पुढचं काम निघेल तेव्हा. माझ्या कागदावर दुसरं होतं. तोवर प्रमाणपत्र गाडीत ठेवून चालतं. तरी मी लगेच वेळ घेतली, कारण वाहतूक पोलिसाला जाडजूड कागद समजावण्यापेक्षा नोंदणी कागदावरच्या रकान्यातल्या दोन ओळी बोट दाखवायला सोप्या. कार्यालयात ऑनलाइन वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली. प्रमाणपत्र, जुना नोंदणी कागद आणि ओळखपत्र एवढंच आमच्याकडे मागितलं. तेरा युरोंच्या आसपास फी, आणि पंधरा मिनिटांत नवा छापील कागद. रकाना २० मध्ये नवी उंची, २२ मध्ये किटचं वर्णन. प्रत्येक अक्षर तिथेच उभं राहून ताडून घ्या.

विमा कंपनीला ईमेलने कळवलं, पावत्या जोडल्या. त्यांनी नोंद घेतल्याचं उत्तर दिलं, हप्ता बदलला नाही. ट्रॅकवरचं नुकसान मात्र साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, आणि नॉर्डश्लाइफच्या पर्यटक फेऱ्यांबद्दल प्रत्येक कंपनीचं कलम वेगळं. ते कलम शब्दश: वाचूनच जा. ब्रेक पॅडचंही तसंच: ईसीई आर-९० चा (रस्त्यावर वापरण्याच्या मान्यतेचा) शिक्का नसलेले ट्रॅकचे पॅड लावून घरापर्यंत चालवत आलात, तर सस्पेन्शनचे सगळे कागद असूनही अडकाल.

सगळा खर्च साडेचार हजार युरोंच्या थोडा वर गेला.

मे महिन्यात पुन्हा हॉकेनहाइम. तोच तापमापक, तेच टायरचं मॉडेल. आता आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सहा-आठ अंशांनी जास्त, मधलं दोन्हींच्या मध्ये. मला हवं होतं तेच. ट्रॅकच्या मोटोड्रोम भागातल्या लांब उजव्या वळणात पूर्वी पुढचा भाग कण्हत बाहेर सरकायचा. आता सुकाणू धरलं तिथेच गाडी राहते आणि पॉवर लवकर देता येते. लॅपटाइम लिहीत नाही, त्या दिवशी हवाही थंड होती.

नॉर्डश्लाइफचा धडा वेगळा होता, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा. कंपनीने शिफारस केलेल्या नॉबच्या क्लिकवर (टप्प्यांवर) गाडी हॉकेनहाइमला सुरेख होती. पण नॉर्डश्लाइफवरच्या कारुसेल वळणाच्या काँक्रीटच्या वाटीत, जिथे दर दोन स्लॅबांच्या मध्ये सांधा आहे, तिथे मागची बाजू हळूहळू खाली दबत जाते आणि शेवटच्या सांध्यांवर चाक टपटप उडतं. कारण रीबाउंड जास्त होतं. चाक एका धक्क्याने वर गेलं की परत खाली यायला त्याला वेळ लागतो; तेवढ्यात पुढचा सांधा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि गाडी पायऱ्या उतरल्यासारखी आपल्याच प्रवासात खोल जाऊन बसते. बाहेरून हे अगदी कडकपणासारखं जाणवतं आणि माणूस कम्प्रेशन कमी करायला धावतो. मी आधी मागचं रीबाउंड दोन क्लिक उघडलं. दबणं थांबलं. मग चारही बाजूंना कम्प्रेशन दोन क्लिक मऊ केलं, आणि प्फ्लांत्सगार्टनमध्ये गाडी हवेतून उतरून एकदाच बसून शांत होऊ लागली. फुक्सरोरेच्या तळाशी केबल टायने आता बंप स्टॉपच्या अलीकडे बोटभर जागा सोडली होती. एका वेळी एकच नॉब, आणि वहीत नोंद. याशिवाय दोन नॉबांच्या किटचा काही उपयोग नाही. मोजणी नेहमी पूर्ण बंद करून तिथून उघडत न्या, म्हणजे आकडा हरवत नाही.

ही मऊ केलेली मांडणीच मी रस्त्यावरही ठेवली आहे. जुलैत आई-बाबा नाशिकहून आले होते. श्वेबिश आल्बच्या वळणावळणाच्या रस्त्याने त्यांना होहेनत्सोलर्न किल्ल्यावर नेलं. बाबा आयुष्यभर कसारा घाटातून एसटीने ये-जा केलेले. उतरल्यावर म्हणाले, "तुझी गाडी आदळत नाही, पण रस्त्यात काय आहे ते सगळं सांगते." मऊ गाडीची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी ते जड जातं. थंड सकाळी पुढच्या माउंटमधून किरकिर येते, गाडी तापली की जाते. पार्किंगच्या तळघरात उतरताना पुढच्या बंपरचा ओठ घासू नये म्हणून गाडी तिरकी घ्यावी लागते.

एप्रिल २०२४ मध्ये नियमित तपासणी आली, दीडशे युरोंच्या आसपास. वेगळे परीक्षक, वेगळं केंद्र. त्यांनी नोंदणी कागद वाचला, मोजपट्टी काढली, चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत मोजलं; दोन-तीन मिलिमीटर खाली बसली होती, मर्यादेच्या आतच. प्लेटवर नवा स्टिकर लागला. पुढचे टायर तेव्हा बदलले. झीज आत-बाहेर जवळपास सारखी होती, आतली कड थोडी जास्त. वरच्या गोल बेअरिंगमध्ये अजून खेळ आलेला नाही. मेकॅनिक दर हिवाळ्यात गाडी उचलून, स्ट्रट हाताने हलवून ते बघतो. बेअरिंगच्या नव्या जोडीची किंमत मी विचारून ठेवली आहे, आणि मागणी फेब्रुवारीच्या आधीच द्यायची आहे.